वाघाच्या मावशीची नखे

मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. नाते मोठे जोडून दिले, पण मान काही दिला नाही. घोड्याचा इतिहास लिहिला गेला, हत्तीचा लिहिला गेला, गाईच्या इतिहासावर तर ग्रंथ आणि वाद दोन्ही उदंड आहेत. मांजर मात्र म्हणींत राहिले. उंदराला मांजर साक्ष, मांजर डोळे मिटून दूध पिते, मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची... म्हणींची ही रास पाहिली तर वाटते, की मराठी माणसाला हे जनावर सर्वांगाने ठाऊक आहे. प्रत्यक्षात घरात एखादे पिल्लू आले आणि त्याने लेकराच्या हातावर पहिला ओरखडा काढला, की आपली सगळी विद्या संपते. आजी म्हणते हळद लावा, शेजारी म्हणतात चुना लावा, कोणी म्हणते पोत्यात घालून पुलापलीकडे सोडून या, आणि एखादा शहाणा म्हणतो, ‘मांजराने काही होत नाही हो, कुत्र्याचे भय!’ यांतले कोणते भय खरे आणि कोणते खोटे, हे ठरवायला वैद्यकाइतकाच इतिहासही उपयोगी पडतो, असे माझ्या ध्यानात आले. प्रस्तुत लेख त्या शोधाचा आहे.

आधी मी कोठून लिहितो आहे ते सांगतो. माझे सारे आयुष्य भोपाळच्या टी. टी. नगरात गेले. टी. टी. म्हणजे तात्या टोपे. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख सीमाभागातल्या वाचकांना मी सांगायला नको. त्याच दिवशी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर मुंबई राज्यात गेली. नागपूरच्या सचिवालयातले कितीतरी मराठी कारकून आपापल्या ट्रंका, पाटे-वरवंटे आणि देवांची संपुष्टे घेऊन भोपाळला आले. माझे वडील त्यांतलेच एक. तलावापलीकडे जुने नवाबी शहर, आणि अलीकडे ही नवी सरकारी वस्ती. एकसारखी क्वार्टरे, मागे अंगण, अंगणात पेरू किंवा कडुनिंब. धान्याची कोठी आली तसे उंदीर आले, आणि उंदरांमागून मांजरे आली. त्यांना कोणी आणले नव्हते. बदली झाली की साहेब जाई, क्वार्टरातले मांजर मात्र नव्या साहेबाकडे हजर होई. सरकारी नोकरीचे खरे सातत्य त्यांनीच टिकवले, असे वडील गमतीने म्हणत.

पुढे ‘स्मार्ट सिटी’च्या योजनेत टी. टी. नगरातली जुनी क्वार्टरे पाडण्यात आली. माणसांना दुसरीकडे घरे मिळाली, मांजरांना कोण देणार? अशाच एका पडक्या अंगणातून आमच्या नातीने दोन महिन्यांचे एक करड्या पट्ट्यांचे पिल्लू घरी आणले. आठवड्याभरात वेताच्या खुर्चीचे तंतू निघाले, पडद्याचे सूत लोंबू लागले, आणि नातीच्या मनगटावर तीन लाल रेघा उमटल्या. घरात दोन तट पडले. सूनबाई म्हणाल्या, ‘अण्णा, हे आजच्या आज सोडून या.’ नात जेवायची थांबली. पिल्लाचे आयुष्य एका बाजूला, लेकराचा जीव दुसऱ्या बाजूला. नातीला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले, ते रास्तच होते. पण पिल्लाचे काय करायचे, हे नुसत्या मायेने किंवा नुसत्या धाकाने ठरवू नये, म्हणून मी पुस्तके उघडली.

मांजराच्या इतिहासाची सुरुवातच मोठी बोलकी आहे. सायप्रस बेटावर फ्रेंच संशोधक झाँ-देनी विन्य यांच्या पथकाला एक दफन सापडले आणि २००४ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा माणूस, आणि त्याच्याजवळ हातभर अंतरावर पुरलेले एक मांजर. त्या बेटावर रानमांजर मुळात नव्हतेच, म्हणजे ते होडीतून कोणीतरी नेलेले. पुढे २००७ साली ९७९ मांजरांच्या अनुवंशाची तपासणी प्रसिद्ध झाली आणि जगातले यच्चयावत घरमांजर पश्चिम आशियातल्या रानमांजराच्या एका जातीतून आले असे दिसले. शेती आली, धान्य साठू लागले, उंदीर वाढले, मांजर आपल्या पायांनी आले. कुत्र्याला माणसाने शिकवून घडवले, मांजराने मात्र माणसाशी केवळ करार केला. म्हणूनच आजही आपल्या घरातले मांजर हे बऱ्याच अंशी रानातलेच राहिले आहे, आणि त्याच्या नखांचे कोडे उलगडायचे तर हे आधी मान्य करावे लागते.

आपल्याकडे हा करार किती जुना? सिंधमधल्या चान्हुदडो येथे अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ साली उत्खनन केले. तेथे एक वीट मिळाली. ओली असताना तीवरून मांजर धावत गेले आणि त्याच्यामागे कुत्रा, दोघांची पावले विटेत उमटून भाजली गेली. चार हजार वर्षांपूर्वीची ती धावपळ आजही आपल्या गल्लीत रोज चालू आहे.

ग्रंथांत मात्र मांजर पहिल्यापासून बदनाम. महाभारताच्या उद्योगपर्वात तपस्व्याचे सोंग घेऊन उंदीर खाणारा बोका आहे. महाबलीपुरमच्या प्रचंड शिल्पपटात, सातव्या शतकातल्या पल्लव कारागिरांनी, एका पायावर उभे राहून तप करणारे मांजर आणि त्याच्या पायाशी उंदीर कोरले आहेत. ढोंगी माणसाला ‘बैडालव्रतिक’ हे नाव स्मृतिकारांनीच दिले. तरी त्याच महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला लोमश मांजर आणि पलित उंदीर यांची गोष्ट सांगतात. संकटात शत्रूशीही तह करावा, पण काम झाले की अंतर राखावे, असा तिचा मथितार्थ. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर मारल्यास शूद्रहत्येचे प्रायश्चित्त सांगितले आहे. यात मांजराची किंमत वाढवली की माणसाची घटवली, हे वाचकांनीच ठरवावे. सोन्याचे मांजर दान करण्याची लोकसमजूत त्याच वाटेने आली असावी. भगवतीचरण वर्मांच्या ‘प्रायश्चित्त’ या हिंदी कथेत तिची यथेच्छ टर उडवली आहे.

तलावापलीकडच्या जुन्या भोपाळात मात्र निराळी रीत. इस्लामी परंपरेत मांजराचे उष्टे अपवित्र मानत नाहीत, आणि पैगंबरांच्या एका प्रसिद्ध सहकाऱ्याचे अबू हुरैरा हे नावच ‘पिल्लाचा बाप’ अशा अर्थाचे. त्यामुळे चौकातल्या दुकानांत मांजर गादीवर झोपलेले दिसे आणि कोणी हाकलत नसे. आमच्या क्वार्टरात त्याने दुधात तोंड घातले तर दूध मोरीत जाई. एकाच गावात एका जनावराच्या दोन पत्रिका!

दक्षिणेतल्या वैष्णवांनी तर पिल्लावरून वेदान्त सांगितला. रामानुजांच्या परंपरेत पुढे दोन पंथ झाले. एकाचा दृष्टान्त माकडाच्या पिल्लाचा, जे आईला स्वतः घट्ट धरते. दुसऱ्याचा मांजराच्या पिल्लाचा, जे स्वतः काही करीत नाही, आईच मानेला धरून नेते. हे निरीक्षण अगदी अचूक आहे. आईने मानेची कातडी दातांत धरली की पिल्लू अंग सैल सोडून पाय पोटाशी घेते. ‘मांजरीचे दात तिच्या पिलांस लागत नाहीत’ ही आपली म्हण त्याचीच. पण त्यावरून आपणही मोठ्या मांजराला बखोटीला धरून उचलावे असा अर्थ काढू नये. त्याचे वजन वाढल्यावर त्या धरण्याने त्याला त्रासच होतो. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, हे बरे.

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असेही आपण म्हणतो. सात हा आकडा बोलण्यातला, पण फिरवणे खरे. जागेला वास येऊ लागला, पिसवा झाल्या, कोणी वरचेवर डोकावू लागले, की ती पिल्ले हलवते. पिल्लू जन्मते तेव्हा डोळे मिटलेले असतात. आठ-दहा दिवसांत ते उघडतात. अमेरिकेतल्या एलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले, की साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लाला माणसाचा हात लागतो ते माणसाळते, आणि ज्याला लागत नाही ते भित्रे राहते. या काळात भावंडांशी झटापट करताना आणखी एक धडा मिळतो. जोरात चावले की भावंड किंचाळते आणि खेळ थांबतो. म्हणून आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेले, एकटे वाढलेले पिल्लू जास्त चावते आणि ओरबाडते. ते दुष्ट नसते, त्याची शाळा अर्धवट सुटलेली असते. पडक्या घरातून उचललेल्या पिल्लाच्या बाबतीत हे लक्षात घ्यावेच लागते.

आता वऱ्हाडकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ विएगस यांनी प्लेग ओळखला. पुण्याचा रँड, चाफेकर बंधू, २२ जून १८९७ ची रात्र, हे सारे आपल्याला पाठ आहे. त्या साथीत पुढच्या पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. १८९८ साली कराचीत पोल-लुई सिमाँ याने उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले, पण ते मानायला जगाला काही वर्षे लागली. त्यानंतर अमरावतीला असलेला इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर अँड्र्यू ब्युकॅनन याने एक साधी गोष्ट केली. कोणत्या गावात मांजरे किती आणि प्लेग किती, हे त्याने पाहिले. जेथे घरोघर मांजर तेथे प्लेग कमी, असे मत त्याने १९०८ च्या सुमारास मांडले आणि लोकांनी मांजरे पाळावीत असा आग्रह धरला. त्याच वर्षी जपानच्या भेटीत रॉबर्ट कॉख यानेही मांजरे पाळण्याचा सल्ला दिला. ज्या प्राण्याला आपण अपशकुनी म्हणून रस्त्यात थांबत होतो, त्याला विदर्भातल्या एका डॉक्टराने गावाचा राखणदार ठरवले. आमच्या वडिलांच्या पिढीची नागपुराकडची माणसे मांजराला सहसा का हाकलीत नसत, याचे एक कारण मला येथे दिसते. अर्थात आजचे ज्ञान याला पुरवणी जोडते. मांजराला स्वतःलाही प्लेग होतो, आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात १९७७ पासून मांजरांकडून माणसांना प्लेग झाल्याच्या नोंदी आहेत. राखणदारही आजारी पडू शकतो.

आणि येथेच नखांचा धागा हाती लागतो. १९५० साली पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ रोबेर दब्रे यांनी एका आजाराचे वर्णन केले. मांजराने ओरबाडल्यावर आठ-पंधरा दिवसांनी मुलाच्या काखेत किंवा मानेत गाठ येते, बारीक ताप येतो. याला ओरखड्याचा ताप म्हणता येईल. कारण सापडायला चाळीस वर्षे लागली. १९८३ मध्ये गाठींत जंतू दिसले, १९९२ मध्ये त्याच्या जातीचे नामकरण झाले, आणि ‘हेन्सेली’ हे त्याचे नाव डायान हेन्सेल या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंवरून पडले. १९९६ च्या प्रयोगांत असे दिसले, की हा जंतू एका मांजरावरून दुसऱ्यावर नेते ती पिसू. पिसवेची घाण मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखड्यातून कातडीत शिरते. म्हणजे प्लेगात जी खरी गुन्हेगार होती, तीच येथेही! पिल्लांत हा जंतू मोठ्या मांजरांपेक्षा अधिक आढळतो. बहुतेक मुले काही आठवड्यांत बरी होतात, मात्र ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्यांनी जपले पाहिजे. उपाय नखे उपटणे हा नव्हे, पिसवा घालवणे हा आहे. तेही जनावरांच्या डॉक्टरांना विचारून. कुत्र्यासाठी मिळणाऱ्या काही औषधांत पर्मेथ्रिन असते, ते मांजराला विष आहे.

याहून मोठे भय रेबीजचे, आणि ते भय खरे आहे. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरने जोसेफ माइस्टर या मुलाला पहिली लस टोचली. १९०० साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली. तेथे डेव्हिड सेम्पलने १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस केली, आणि जवळजवळ शतकभर आपला देश तिच्यावर राहिला. बेंबीभोवतीची ती चौदा इंजेक्शने माझ्या पिढीला आठवतात. आमच्या रांगेतल्या एका मुलाला मांजराने बोचकारले होते. तो रोज सकाळी दवाखान्यात जाताना जो हंबरडा फोडी, तो चार क्वार्टरांपलीकडे ऐकू येई. त्या धाकाने कितीतरी आईबापांनी मुलांना नेलेच नाही, हळद-तिखट भरून वाट पाहिली. २००४-०५ च्या सुमारास ती लस आपल्याकडे बंद झाली. आता दंडात किंवा कातडीत चार-पाच वेळा टोचतात. धाकाचे कारण गेले, धाक मात्र राहिला.

म्हणून स्पष्ट सांगतो. मांजरही पिसाळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत रक्त न आलेला साधा ओरखडासुद्धा दुसऱ्या वर्गात येतो आणि त्याला लस लागते. रक्त आले तर तिसरा वर्ग, तेथे लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही हवे. प्रथम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. चुना, तिखट, हळद, तेल काही भरू नये. मग डॉक्टरकडे जावे. पिल्लू दहा दिवस नजरेखाली ठेवतात, पण ते दहा दिवस संपेपर्यंत लस थांबवीत नाहीत. ‘घरचेच पिल्लू आहे’ हे उत्तर पुरेसे नसते, कारण रस्त्यावरून आलेल्या पिल्लाचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक नसतो. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्यालाही रेबीजची लस द्यावी, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी किंवा त्यांच्या मुदतीने पुन्हा.

गरोदर बाईच्या घरात मांजर नको, असे आपल्याकडे हल्ली सांगतात. त्या भयाचाही इतिहास आहे, आणि त्यात आमच्या प्रदेशाचा अभिमान आहे. टोक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी १९०८ साली ट्यूनिसमध्ये सापडला, पण तो पसरतो कसा हे साठ वर्षे कळले नाही. १९७० साली मांजराच्या विष्ठेतील त्याची अंडी ओळखणाऱ्यांत जितेंद्र प्रकाश दुबे होते. इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून १९६० साली बाहेर पडलेले हे संशोधक पुढे अमेरिकेत या विषयाचे अग्रणी झाले. त्यांच्या शोधातून निघालेला व्यवहार अगदी सोपा आहे. विष्ठा पडल्यावर ती अंडी रोगकारक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मातीचे घमेले रोज साफ करावे, गरोदर बाईऐवजी दुसऱ्याने करावे, हात धुवावेत, मांस पूर्ण शिजवावे. मांजर घराबाहेर काढण्याची गरज यातून निघत नाही.

आता आहाराचे पाहू, कारण आमच्यासारख्या शाकाहारी घरांत पिल्लाचा घात मायेनेच होतो. दूध-पोळी, दहीभात, फार तर तूप. मांजर दूध पिते हे आपण म्हणीतून शिकलो, पण आईचे दूध सुटले की बहुतेक पिल्लांना दुधातली साखर पचत नाही आणि हगवण लागते. त्याहून मोठी गोष्ट टॉरिनची. मांजराचे शरीर हे द्रव्य पुरेसे तयार करीत नाही, ते मांसातूनच मिळावे लागते. १९७५ मध्ये दिसले, की ते न मिळाल्यास डोळ्याचा पडदा झडतो. १९८७ मध्ये पॉल पायन यांनी दाखवले, की हृदयही फुगून दुबळे होते. विकतच्या खाद्यात टॉरिन घालू लागले ते त्यानंतर वाढले. ज्यांना घरात मांस शिजवायचे नाही त्यांनी तयार खाद्य आणावे, पण पोळीवर पिल्लू वाढवू नये. कांदा-लसूण देऊ नये. ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, एक गोळी जीव घेते.

‘आमच्याकडे मांजर जगतच नाही, वास्तू लाभत नाही’, असे सांगणारी घरे टी. टी. नगरात होती, तुमच्याही गावात असतील. त्यांचे कोडे १९२८ सालच्या एका शोधाने सुटते. त्या वर्षी फ्रान्समध्ये सिद्ध झाले, की पिल्लांना होणाऱ्या एका घातक आजाराचे कारण विषाणू आहे. पिल्लू खाणे सोडते, ओकते, पाण्याच्या वाटीशी मान टाकून बसते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात आणि दोन-चार दिवसांत ते जाते. हा विषाणू फरशीच्या भेगांत, पोत्यात, टोपलीत वर्षभरसुद्धा जिवंत राहतो. म्हणून त्याच घरात आणलेले दुसरे पिल्लूही जाते, आणि दोष वास्तूवर येतो. फिनेल शिंपडून हा विषाणू मरत नाही, उलट काळ्या फिनेलने मांजरालाच विषबाधा होते. त्यासाठी पातळ केलेला ब्लीच लागतो, पिल्लू दूर ठेवून. आणि लस लागते. सहा ते आठ आठवड्यांचे असताना पहिली, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, ते सोळा आठवड्यांचे होईपर्यंत. आईच्या दुधातून आलेली प्रतिद्रव्ये सुरुवातीला लसीला निष्प्रभ करतात, म्हणून एकाने भागत नाही. जंताचे औषधही हवे, कारण जंत आईच्या दुधातूनच पिल्लात येतात. पोट नगाऱ्यासारखे आणि बरगड्या दिसत असल्या तर ते बाळसे नव्हे. केस गोल चकतीने गळत असतील तर गजकर्ण समजावे, तो मुलांनाही लागतो.

अलीकडचा एक अध्याय तर आपल्या उंबरठ्यावरचा आहे. २००६ च्या फेब्रुवारीत सीमेवरच्या नवापुरात कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला, तेव्हा नमुने तपासले ते भोपाळच्या प्रयोगशाळेने. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि कारण तोच विषाणू असल्याचे भोपाळनेच जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. त्याच महिन्यात शेजारच्या छिंदवाड्यात घरच्या मांजरांत तो आढळला आणि तेथला कोंबडीबाजार बंद करावा लागला. मावशी आणि भाचा एकाच रोगाने गाठले. धडा एवढाच, की पिल्लाला कच्ची कोंबडी, कच्ची आतडी घालू नयेत, शिजवूनच द्यावे.

उरली ती खुर्ची आणि पडदे. मांजर ओरबाडते ते सूडाने नव्हे. नखावर कवच असते, ते जुने झाले की ओरबाडून झडते आणि खाली नवी धार निघते. पंजांत गंधाच्या ग्रंथी आहेत, त्या वासाने ते आपली हद्द लिहिते. झोपेतून उठल्यावर पाठ ताणायलाही ते हेच करते. रानातल्या झाडावर त्याचे पूर्वज करीत तेच ते आपल्या खुर्चीवर करते. त्याला मारले तर ते ओरबाडणे सोडत नाही, माणसाला भिऊ लागते, आणि भ्यालेले मांजर जास्त बोचकारते. त्याला झाड द्यावे हा उपाय. लाकडाचा एक खांब, पूर्ण ताणलेल्या मांजराच्या उंचीचा, न डुगडुगणारा, त्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी किंवा बारदान ठोकावे, आणि तो त्याच्या झोपायच्या जागेजवळच उभा करावा. आमच्याकडे जुन्या खाटेचा खूर कामी आला. पंधरा दिवसांत खुर्ची सुटली. हाताच्या बोटांनी पिल्लाला कधी खेळवू नये. दोरीला चिंधी बांधावी. ते चावले तर हात हिसकू नये, स्तब्ध राहून खेळ मोडावा, म्हणजे भावंडांनी अर्धवट ठेवलेला धडा पुरा होतो. नखांची टोके महिन्यातून दोनदा कापावीत, आतला गुलाबी भाग सोडून. अमेरिकेत गेल्या शतकात नखे कायमची काढण्याची शस्त्रक्रिया फार चालली. त्यात नखाबरोबर बोटाचे शेवटचे हाडच छाटतात. इस्रायलने २०११ मध्ये आणि न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये ती बंद केली. आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पुढाकाराने १९६० साली प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्ध कायदा झाला, त्याची आठवण अशा वेळी ठेवावी.

एक शेवटची गोष्ट, संततीची. मांजरीला चार-पाच महिन्यांतच माज येऊ शकतो, आणि दोन महिन्यांत वेत होते. पिल्लांची वाटणी होत नाही, मग ती कोणाच्या तरी ओसाड अंगणात जातात. त्याआधीच शस्त्रक्रिया करून घेतली तर पोत्यात घालून सोडण्याचे पाप टळते. स्मृतीने मांजर मारल्याचे प्रायश्चित्त सांगितले, पण सोडून दिल्याचे सांगितले नाही. ते आपण स्वतःलाच सांगायला हवे.

आमच्या मनीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. नातीची इंजेक्शने पुरी झाली, मनीच्या लशी झाल्या, पिसवा गेल्या. सूनबाई अजूनही तिला ‘हे’ म्हणतात, पण खाद्य संपल्याची आठवण त्याच करतात. माझ्यापुरता या वाचनाचा सारांश असा, की भय दोन जातीचे असते. एक आडव्या गेलेल्या मांजराचे, ते उंबऱ्याबाहेर ठेवावे. दुसरे न धुतलेल्या ओरखड्याचे, ते मात्र जपून ठेवावे, कारण त्यानेच लेकरे वाचतात. साडेनऊ हजार वर्षांपूर्वी त्या होडीतल्या माणसाने मांजर बरोबर घेतले तेव्हा त्याची नखेही बरोबर घेतली होती. करार नखांसकट झाला होता. तो पाळायचा तर दोन्ही बाजूंनी पाळावा.